पनवेल-वसई लोकलचा मार्ग स्टेशनं बघून ठरवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

पनवेल-वसई लोकलची बातमी आली की त्यात दोनच आकडे असतात, लांबी सुमारे ६९ किलोमीटर आणि खर्च १२ हजार कोटींच्या वर. एमयूटीपीच्या, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या, नव्या टप्प्यात हा मार्ग आलाय, राज्य आणि केंद्र निम्मा निम्मा खर्च उचलणार, चांगली गोष्ट आहे, आम्ही कितीतरी वर्षं ह्याची वाट बघतोय. आधीच्या एमयूटीपी-३ मध्ये पण विरार-पनवेल मार्गाचा प्रस्ताव होता, पण मंजुरी मिळाली तेव्हा त्यात पनवेल-कर्जत आलं, ऐरोली-कळवा आलं, विरार-डहाणू आलं, आणि हा मार्ग मागे राहिला. म्हणून ह्या वेळेला लाईन नक्की कुठनं जाणार आणि थांबणार कुठे ह्यावर आत्ताच बोललं पाहिजे. एकदा जागा घेतली, पूल बांधला, की मग कोणी काही ऐकत नाही.

लोकांच्या बोलण्यात तीन-चार पर्याय येतात. पहिला म्हणजे आत्ता जी वसई-दिवा-पनवेल डबल लाईन आहे तिच्यावरच लोकल सोडा, नवीन काही बांधू नका. दुसरा, त्याच रुळांच्या शेजारून लोकलसाठी वेगळे दोन रूळ टाका. तिसरा, भिवंडी शहराच्या आतून वळसा घालून न्या, कारण माणसं तिथे राहतात. आणि चौथा, विरार-अलिबाग मल्टिमोडल कॉरिडॉर होतोय ना, मग त्याच्या मधोमध ट्रेनला जागा ठेवा आणि एकाच खर्चात दोन्ही करा. माझं मत दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने आहे, पण एका अटीवर, ती म्हणजे स्टेशनं आत्ता जिथे आहेत तिथेच ठेवायची हा हट्ट सोडायचा. मार्ग रुळांचा म्हणून बघितला तर शेजारून नेणं सोपं आणि स्वस्त, पण प्रवाशाला मार्ग दिसतो तो स्टेशनपासून स्टेशनपर्यंत, आणि ह्या लाईनचं खरं दुखणं स्टेशनांचंच आहे.

आधी पहिला पर्याय घेऊ कारण तो ऐकायला सगळ्यात गोड लागतो. रूळ आहेत, वायर आहे, मेमू म्हणजे विजेवरची पॅसेंजर गाडी धावते, मग अडचण काय? अडचण अशी की ह्या लाईनवर मालगाड्या आहेत, जेएनपीटी बंदराचे कंटेनर आहेत, गुजरातकडून कोकण-केरळला जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या आहेत, भिवंडी रोडला पार्सलचा मोठा धंदा झालाय. मालगाडी सावकाश जाते पण मधे थांबत नाही, लोकल जोरात जाते पण दर स्टेशनला थांबते, आणि ह्या दोघी एकाच रुळावर आल्या की एकीच्या मागे दुसरी अडकते, मग कोणालातरी बाजूला उभं करावंच लागतं आणि ते कोण असतं हे मेमूने जाणाऱ्या कुणालाही विचारा. एका लोकलच्या थांब्याला ब्रेक लावणं, थांबणं, परत वेग घेणं असं सगळं धरून मिनीट-दीड मिनीट जातं, दहा-बारा थांबे झाले की मागच्या गाडीचं पंधरा मिनिटांचं अंतर संपलं. म्हणून दिवसातून बोटांवर मोजण्याएवढ्याच मेमू आहेत.

आता कोणी म्हणेल की मालगाड्यांचा वेगळा मार्ग, म्हणजे डीएफसी, वैतरणा ते जेएनपीटी होतोय, खारबाव आणि निळजेवरून जातो, मग माल तिकडे वळला की ही लाईन मोकळी. बरोबर आहे, पण अर्धंच. माल वळेल तेवढी जागा होईल, तिचा फायदा लगेच घ्यायलाच हवा आणि त्यावर पुढे लिहितो, पण एक्सप्रेस गाड्या वळणार नाहीत, त्या उलट वाढतील. लोकल म्हणजे पाच-दहा मिनिटांनी गाडी. अर्ध्या तासाने एक आली तर तिच्या भरवशावर कोणी नोकरी धरत नाही. त्यामुळे जुन्या रुळांवर जास्तीच्या गाड्या ही मधल्या काळाची सोय म्हणून ठीक, कायमचा इलाज म्हणून नाही.

भिवंडीचा पर्याय मला मनापासून पटतो आणि तरी मी त्याच्या विरोधात आहे. २०११ च्या जनगणनेत भिवंडी-निजामपूर शहराची लोकसंख्या सात लाखांच्या वर होती, आता किती असेल विचार करा, आणि एवढ्या मोठ्या शहराला लोकल नाही. यंत्रमागाचे कामगार, गोदामात काम करणारी पोरं, कॉलेजच्या मुली, सगळे शेअर रिक्षा नाहीतर बसमधून ठाण्याला किंवा कल्याणला जाऊन मग गाडी पकडतात, आणि त्या रस्त्यांवर कंटेनरची रांग असते. लाईन शहरात आणा ही त्यांची मागणी शंभर टक्के रास्त आहे. पण शहराच्या आत जागा कुठाय? तिथे घराला घर आणि कारखान्याला कारखाना लागून आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो-५ चं बघा, धामणकर नाक्यापासून टेमघरपर्यंतचा भाग शेवटी जमिनीखालून न्यायचं ठरलं कारण वरून नेलं तर पाडापाडी फार होती. मेट्रोच्या सहा डब्यांच्या गाडीला ही अवस्था, तर १५ डब्यांच्या लोकलला काय होईल. लोकलचं वळण मेट्रोपेक्षा मोठं लागतं, फलाट सव्वातीनशे मीटरच्या वर लागतो. शहरातून न्यायचं म्हणजे बोगदाच, आणि बोगदा म्हटला की खर्च इतका वाढेल की अख्खा मार्गच परत दहा वर्षं फाईलीत बसेल. भिवंडीकरांना तेच नको आहे.

ह्याला रस्ता आहे आणि तो नकाशावर समोरच दिसतो. आत्ताचं भिवंडी रोड स्टेशन अंजूरफाट्याला आहे आणि मेट्रो-५ चं स्टेशन पण अंजूरफाट्याला आहे. दोन्ही एका छताखाली जोडली, म्हणजे मेट्रोतून उतरलं की रस्त्यावर न येता, रिक्षांच्या गर्दीतून वाट न काढता, सरळ लोकलच्या फलाटावर जाता आलं, तर भिवंडी शहराच्या आतला माणूस मेट्रोने अंजूरफाट्याला येईल आणि तिथून वसई म्हणा पनवेल म्हणा कुठेही जाईल. ह्यासाठी लोकलची लाईन एक किलोमीटरही वाकवायला नको. फक्त फलाट आणि मेट्रोचा जिना ह्यांच्यातलं अंतर डीपीआरमध्ये, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालात, आत्ताच ठरवायला पाहिजे. हे दोन वेगळ्या संस्थांचं काम आहे आणि आपल्याकडे अशा ठिकाणी नेमकी मधली दोनशे पावलं कोणाचीच नसतात, पावसाळ्यात त्या दोनशे पावलांत चिखल असतो आणि लहान मूल कडेवर घेतलेली बाई तिथनं जात असते.

मल्टिमोडल कॉरिडॉरबद्दल थोडक्यातच सांगतो. त्याची आखणी मोठ्या गाड्यांना शहराबाहेरून नेण्यासाठी आहे, तो वस्तीपासून लांब ठेवलाय कारण त्याचं कामच ते आहे. हायवेच्या मधोमध स्टेशन म्हणजे उतरल्यावर दोन्ही बाजूला गाड्यांच्या लेनच लेन, चालत जायला काही नाही. जागा एकदाच घ्यावी लागते हे खरं, पण तिथे चढणार कोण? पुढे तिकडे शहरं वसली तर तेव्हा बघू. आत्ताची डोंबिवली, भिवंडी, नायगाव, तळोजा इथली माणसं रोज धक्के खातायत, आधी त्यांचं बघा.

म्हणून मी म्हणतो शेजारून दोन नवीन रूळ. आता ह्यातही अडचणी आहेत आणि त्या लपवून चालणार नाही. खारबाव ते निळजे बऱ्याच ठिकाणी डीएफसी शेजारूनच गेलाय, म्हणजे एक बाजू संपलीच. कामणच्या पट्ट्यात एकीकडे तुंगारेश्वर अभयारण्य आणि दुसरीकडे राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग, तिथे वनखात्याची परवानगी लागणारच. खाडीच्या बाजूला खारफुटी आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर सार्वजनिक कामासाठीसुद्धा खारफुटी तोडायची तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, ते योग्यच आहे. जुचंद्र-नायगावच्या मिठागरांत तर मातीचा भराव टाकून रूळ न्यायचा विचारच करू नये. २०१८ च्या जुलैमध्ये नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली जाऊन लोकल बंद पडली होती ते सगळ्यांना आठवत असेल, तिथे पाणी निघून जायच्या वाटा आधीच कमी झाल्यात, आणखी एक उंच बांध आडवा घातला तर पाणी वसईतल्या घरांत शिरेल. तिथे खांबांवरूनच न्या, महाग पडलं तरी चालेल. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचवा.

भूसंपादनाचंही तसंच. २०१३ च्या कायद्याने ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला मिळू शकतो, तो वेळेत आणि पूर्ण द्या, आणि ज्यांची घरं रुळांलगत आहेत त्यांचं पुनर्वसन आधी करा मग पाया खोदा. ऐरोली-कळवा लिंकचं उदाहरण समोर आहे. नकाशावर ती एवढीशी लाईन, दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू पण झालं, पण कळव्याकडचा उन्नत भाग पुनर्वसनापायी अडकून राहिला. डोंबिवली-कल्याणच्या माणसाला नवी मुंबईत जायचं तर अजून ठाण्याला जाऊन उलटं फिरायला लागतं. नेरूळ-उरणचं पण तसंच, खारकोपरपर्यंत नोव्हेंबर २०१८ ला गाडी गेली आणि उरणला पोचायला जानेवारी २०२४ उजाडलं. कुठला मार्ग छोटा ह्यापेक्षा कुठला मार्ग अडकणार नाही हे आधी बघायला हवं असं मला ह्यातून वाटतं.

आता स्टेशनांचं, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. कोपर घ्या. खालून मध्य रेल्वेची मेन लाईन, वरून वसई लाईन, देवाने आणून दिल्यासारखी अदलाबदलीची जागा आहे ही. संध्याकाळी एकदा वरच्या फलाटावर जाऊन बघा. मेमूची वेळ झाली की खालून माणसं जिन्याने धावत वर येतात, ज्याची स्लो लोकल दोन मिनिटं उशिरा आली तो अर्ध्या जिन्यावरच असतो आणि गाडीचा भोंगा ऐकून थांबतो, कारण पुढची गाडी कधी हे त्याला पाठ असतं. वयस्कर माणसं तर कठड्याला धरून एकेक पायरी चढतात, मागून लोंढा येतो म्हणून मधेच भिंतीला टेकून उभी राहतात आणि सगळे गेले की मग पुढची पायरी. आणि हे आत्ता, जेव्हा मेमू मोजक्याच आहेत तेव्हा. दहा मिनिटांनी लोकल सुरू झाली आणि जिना तोच राहिला तर तिथे काय होईल ह्याचा विचार करूनच भीती वाटते. एल्फिन्स्टनच्या पुलावरची चेंगराचेंगरी, सप्टेंबर २०१७, आपण विसरलेलो नाही.

काही जण म्हणतात की अदलाबदल दिव्याला ठेवा, तिथे काही फास्ट गाड्या पण थांबतात, कोपरला फक्त स्लो. पण दिव्यावर आधीच किती भार आहे? ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्रा दरम्यान लोकलमधून पडून माणसं गेली. तिथे वसई-पनवेलचा लोंढा आणून ओतायचा आणि त्यांनी परत त्याच गाड्यांना लटकायचं? नवीन लाईनचा उपयोगच हा पाहिजे की डोंबिवली-कल्याणकडचा जो माणूस नवी मुंबई किंवा वसईकडे जातो तो मुंब्रा-ठाण्याच्या पट्ट्यात यायलाच नको. तो कोपरलाच वळला पाहिजे. त्यासाठी कोपरचे खालचे फलाट रुंद करा, दोन्ही टोकांना सरकते जिने आणि लिफ्ट द्या, वर एक मोठा डेक द्या, आणि डोंबिवली पश्चिमेला मोठागावच्या बाजूला एक वेगळं स्टेशन द्या म्हणजे पश्चिमेचा माणूस डोंबिवली स्टेशनच्या गर्दीत न शिरता घराजवळनंच गाडी पकडेल. मोठागाव-माणकोली पुलाने तिकडनं भिवंडी बायपासची माणसं पण येतील.

तसंच निळज्याला. पलावाची एवढी मोठी वस्ती झाली, कल्याण-तळोजा मेट्रो-१२ चं निळजे गाव स्टेशन आखलंय, मग लोकलचा फलाट जुना आहे तिथेच कशाला, मेट्रोच्या दिशेने सरकवा. तळोज्याला नवी मुंबई मेट्रो बेलापूरहून पेंधरला येऊन संपते, नोव्हेंबर २०२३ पासून चालू आहे, तिची आणि तळोजा पाचनंद स्टेशनची गाठ घालून द्या, एमआयडीसीतल्या कामगाराला बेलापूर, खारघर सगळं एका तिकिटात येईल. जुचंद्र ते कामण रोड ते खारबाव ह्या टप्प्यात स्टेशनांमधली अंतरं लोकलच्या मानाने फार मोठी आहेत, तिथे आज सगळीकडे वस्ती नाही हे मान्य, पण उद्याच्या स्टेशनासाठी जागा आजच राखायला लागते. कारण स्टेशन वाटेल तिथे होत नाही. रेल्वेचा नियम आहे की स्टेशनच्या हद्दीत चढ ४०० मीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, नवीन ठिकाणी तर त्याहूनही सपाट, १२०० ला १, आणि फलाट तीव्र वळणावर नको. आज तिथून चढाने किंवा वळणाने लाईन काढली की पुढच्या पन्नास वर्षांत कितीही लोक राहायला आले तरी तिथे स्टेशन होणार नाही. असे सपाट सरळ तुकडे आखणीतच ठेवा, स्टेशन बांधा नंतर.

आणि दोन्ही टोकं. ह्यावर कोणी बोलत नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी ह्याचीच आहे. वसईला गाडी संपली तर सगळे उतरून विरार लोकलच्या दारात उभे राहणार, ज्या दारात आजच पाय ठेवायला जागा नसते. त्यापेक्षा नायगाव-जुचंद्र जोडमार्ग मंजूर आहे, त्यामुळे वसईला इंजिन उलटं न करता गाडी बोरिवलीकडे जाऊ शकते, आणि बोरिवली-विरार पाचवी-सहावी लाईन एमयूटीपी-३अ मध्ये आहे, मग ह्या सगळ्याचा एकत्र विचार करून काही लोकल बोरिवलीला आणि काही विरारला का जाऊ नयेत? पनवेलला पण तेच. तिथे हार्बर येते, पनवेल-कर्जतची नवी लाईन पण येते, जवळच विमानतळ आहे, सगळ्या गाड्या तिथेच संपवल्या तर फलाटच पुरणार नाहीत, कारण संपणाऱ्या गाडीला मोटरमन-गार्डने टोकं बदलेपर्यंत फलाट अडवून उभं राहायला लागतं आणि पुढे जाणारी गाडी अर्ध्या मिनिटात फलाट सोडते. म्हणून वसईहून निघालेली लोकल सरळ कर्जतपर्यंत न्या. पनवेल-गोरेगाव लोकल धावतेच की, दोन वेगळ्या लाईन्स जोडल्या की लोकांना केवढी सोय होते ते तिथे दिसतंय. पण त्यासाठी पनवेल यार्डात नव्या लाईनचे रूळ कर्जतच्या रुळांना जुळतील अशा बाजूला आले पाहिजेत, चुकीच्या बाजूला आले तर मधल्या सगळ्या लाईन्स ओलांडायला परत उड्डाणपूल लागेल. तेव्हा हे पण आत्ताच.

मार्ग कसा निवडावा ह्याचं चांगलं उदाहरण आपल्याकडेच आहे. ठाणे-वाशी ट्रान्सहार्बर, नोव्हेंबर २००४. ती लाईन ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्याच्या कडेने नेली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे अशी स्टेशनं वस्ती आणि कंपन्या दोन्हीच्या मधे आली, आणि आज ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांत लाखभर पोरं-पोरी कामाला जातात तर त्यातले कितीतरी स्टेशनपासून चालत जातात. आणि नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने तिथल्या रेल्वेसाठी दोन तृतीयांश खर्च स्वतः उचलला, स्टेशनभोवतीच्या जागेच्या किमतीतून तो काही प्रमाणात परत आला. पनवेल-वसई मार्गावर एवढी गोदामं, एवढे गृहप्रकल्प होतायत, स्टेशन जवळ आलं की ह्यांच्या जागेचा भाव वाढणार, मग त्यातला थोडा वाटा स्टेशनच्या जिन्यांसाठी आणि डेकसाठी का घेऊ नये?

मधल्या काळाचं राहिलं. नवीन रूळ व्हायला कितीही घाई केली तरी काही वर्षं जाणार. तोपर्यंत माल जसजसा डीएफसीकडे वळेल तसतशी जुन्या लाईनवर रिकामी होणारी वेळ मेमूला द्या, सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ एवढं तरी. त्याने आणखी एक होईल, लोक कुठे चढतात, कुठे उतरतात, कोपरला किती बदलतात, भिवंडी रोडला किती, ह्याचा खरा हिशोब हातात येईल आणि तो डीपीआरच्या अंदाजापेक्षा भरवशाचा असेल. आज मेमूला गर्दी कमी म्हणून इथे मागणी नाही असं कोणी म्हणू नये. गाडीच नाही तर माणूस येणार कुठनं?

शेवटी एक मागणी आहे. आखणीचा नकाशा, म्हणजे जमिनीच्या कुठल्या गट नंबरातनं लाईन जाते, कुठे फलाट, कुठे पूल, कुठे भराव आणि कुठे खांब, हा मराठीत छापून वसई-विरार, भिवंडी, कल्याण-डोंबिवली आणि पनवेल ह्या चारही महापालिकांच्या प्रभाग कार्यालयांत आणि वाटेतल्या सगळ्या ग्रामपंचायतींत लावा. निविदा निघायच्या आधी लावा, आणि महिनाभर तरी राहू द्या म्हणजे कामावर जाणाऱ्या माणसाला चार रविवार मिळतील. प्रवासी संघटनांनी पण ह्यासाठी एकत्र पत्र द्यावं, आमच्याकडनं सह्या गोळा करायला आम्ही तयार आहोत.

आपला,
एक प्रवासी, डोंबिवली पश्चिम